फेनाच्या खिडकीतला पडदा

मित्रांनो, पडदा आहे मी. जुना, मखमली, डाळिंबी रंगाचा, आणि सध्या भयंकर रागावलेला. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूंनी थोडं उदास, थोडं गोड बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. छत्र्या तसं बोलतात, शाळेतले बाक तसं बोलतात. त्यांचं त्यांना लखलाभ. मला जे सांगायचं आहे ते मी माझ्या पद्धतीनं सांगणार आहे.

माझा जन्म मोठ्या घराण्यातला. ग्रोनिंगेन शहरातल्या एका नाट्यगृहाच्या मुख्य पडद्याचा मी तुकडा. तिथं मी नुसता हललो तरी माणसं टाळ्या वाजवत. पुढं नाट्यगृहाला नवा पडदा आला आणि आम्हाला कापून जुन्या बाजारात विकायला ठेवलं. तिथं एका उंच, रुंद खांद्यांच्या बाईनं मला हातात घेतलं, उजेडासमोर धरलं आणि विक्रेत्याला म्हणाली, "यातून आरपार दिसत नाही ना? मग दे." ती फेना. तिनं आईच्या मशीनवर स्वतः माझी कड दुमडली, पितळी कड्या शिवल्या आणि कालव्यामागच्या गल्लीत आपल्या खिडकीला मला टांगलं. खिडकी म्हणजे जमिनीपासून वरपर्यंत काच, आत एक उंच स्टूल, वर लाल दिवा, मागं छोटी खोली. फेना तिथं बसून शरीराचा धंदा करत असे. आमच्या देशात त्याला परवानगी आहे. फेना कर भरते, विमा भरते, दंतवैद्याकडं वेळेवर जाते. हे मुद्दाम सांगतो, कारण नाट्यगृहात माझ्यासमोर टाळ्या वाजवणारे काही हात मी पुढं या खोलीतही पाहिले, आणि तेच लोक रस्त्यात फेनाला ओळख दाखवत नसत.

गल्लीचा कायदा एकच होता, आणि तो माझ्यावर उभा होता. पडदा उघडा म्हणजे बाई गिऱ्हाइकाची वाट बघते आहे. पडदा बंद म्हणजे आत कुणीतरी आहे. बंद पडद्यावर कुणी टकटक करायची नाही, मग पोलीस असो, पोस्टमन असो की घरमालक. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण गल्लीत तो मोडलेला मी पाहिला नव्हता.

फेना वाट बघताना विणत बसे. मोजे, टोप्या, हातमोजे. खिडकी ज्या घरात होती ते सबंध घर तिला विकत घ्यायचं होतं. वर राहायचं, खाली धंदा करायचा, आणि गुडघे बोलायला लागले की त्याच खिडकीत, त्याच स्टुलावर बसून लोकरीचं दुकान चालवायचं. "काचेत बाईऐवजी लोकर ठेवायची, बस," असं ती म्हणायची. तोवर मात्र खिडकीचं भाडं रोजच्या रोज द्यावं लागे. एक गिऱ्हाईक येवो की एकही न येवो, मालक वुब्बे सकाळी हात पुढं करी. वुब्बे तसा शिवीगाळ करणारा माणूस नव्हता. बायकांना वाढदिवसाला केक आणायचा. भाडं मात्र वाढदिवसालाही घ्यायचा.

आता मित्रांनो, तुम्हाला वाटेल की जगानं ज्यांना एकाच टोपलीत टाकलं, त्या बायका तरी एकमेकींना धरून असतील. कसलं काय! तिथं सुद्धा मडक्यांची उतरंड होतीच. सगळ्यांत वर साबिन. ती खिडकीत बसत नसे. तिच्याकडं कलेच्या इतिहासाची पदवी होती आणि ती मोठ्या हॉटेलांत जाई. टीव्हीवर येऊन "आम्ही कष्टकरी स्त्रिया" असं बोलायची, पण आमच्या गल्लीत आली तर टोपी खाली ओढून. तिच्याखाली फेनासारख्या इथल्याच, खिडकीवाल्या. त्यांच्याखाली बल्गेरिया, रोमानियातून आलेल्या. आणि सगळ्यांच्या खाली बंदराकडं रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या. वरचीनं खालचीला बघून नाक मुरडायचं, हा नियम. आणि फेना, जिच्यावर माझा जीव आहे, तीही मुरडायची.

त्याच घराच्या शेजारच्या खिडकीत रुम्याना बसायची. बल्गेरियातल्या स्लिव्हेन गावची, तरुण, काळ्याभोर भुवयांची. तिची आई समजत होती की लेक फुलांच्या काचघरात कामाला आहे. रुम्यानाचा पडदा स्वस्तातला, निळा, पातळ. पण तो सदा बंद! सकाळी बंद, दुपारी बंद. आमच्या गल्लीत कुणाची कमाई किती, हे पडद्यावरून कळायचं. पडदा जास्त वेळ बंद म्हणजे बाई जोरात. त्यामुळं ज्या त्या बाईचं लक्ष समोरच्या पडद्यावर. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे आमच्याइतकं कुणीच मनावर घेतलं नव्हतं.

"बघ, पुन्हा बंद," फेना सुया आपटत म्हणायची. "भाव पाडतेय सटवी. अर्ध्या दरात घेत असणार. आपण वर्षानुवर्षं दर सांभाळायचा आणि ह्यांनी बसमधून उतरायचं नि सगळं मातीत घालायचं."

एका पानगळीच्या सकाळी वुब्बे आला आणि म्हणाला की त्याला आता घर विकायचं आहे.

"पहिली तुला विचारतो, फेना. इतकी वर्षं आहेस. नाताळपर्यंत थांबतो."

फेनाच्या हातातली सुई थांबली. "किती?"

त्यानं आकडा सांगितला. फेना स्टुलावरून उठलीच.

"अरे वुब्बे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ह्या ओल आलेल्या भिंतींचे?"

"भिंतींचे नाहीत, धंद्याचे," वुब्बे म्हणाला. "मी रोज गल्लीतून जातो. तुमचे पडदे उघडे दिसतात का कधी? ती शेजारची पोरगी तर श्वास घ्यायला उघडत नसेल. सोन्याची खाण आहे ही. खाणीचा भाव खाणीसारखाच असणार."

तो गेल्यावर फेना बराच वेळ निळ्या पडद्याकडं बघत राहिली. एकटीच्या शिलकीवर ते घर येणार नव्हतं. भागीदार पाहिजे होती, आणि गल्लीत जिच्याकडं पैसा असेल अशी एकच होती. फेनाला ते गिळणं किती जड गेलं ते मी पाहिलं. शेवटी ती उठली, अंगावर कोट टाकला, दार उघडून शेजारी गेली आणि जे आजवर कुणी केलं नव्हतं ते तिनं केलं. तिनं बंद पडद्याच्या काचेवर टकटक केली.

आमच्या खोल्यांमधली भिंत पुठ्ठ्याची. मला सगळं ऐकू येत होतं, आणि जे दिसलं नाही ते फेनानं मागाहून सांगितलं.

"कोण आहे?" रुम्यानाचा घाबरलेला आवाज.

"मी, फेना. आत कुणी असेल तर थांबते."

मग कडी निघाली. आत अंधार होता. रुम्याना पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पिशवी, बशीत टरफलांचा ढीग. दुसरं कुणीही नव्हतं.

"गिऱ्हाईक?" फेनानं विचारलं.

"नाही."

"गेलं?"

"आलंच नाही. कालही नाही."

"मग पडदा कशाला लावून बसलीस, बये? पडदा बंद असल्यावर येणार कुठून, धुरांड्यातून?"

रुम्यानाचा आवाज चढला. "उघडा ठेवला की तुम्ही बघता! सगळ्याजणी बघता, पण तुम्ही जास्त. ही बघा, सकाळपासून बसलीय आणि हिला कुणी विचारत नाही, असं बघता. बंद असला की निदान वाटतं तरी, की मी कमावते. वुब्बेचं भाडं थकलंय माझं, कळलं? बसा आता हसत!"

फेना हसली नाही. ती धपकन पलंगावर बसली. आणि मग, मित्रांनो, तिनं ते सांगितलं जे फक्त मला माहीत होतं.

"परवा माझा पडदा दुपारभर बंद होता."

"मी पाहिला," रुम्याना म्हणाली. "मनात म्हटलं, ह्या वयात सुद्धा बाई काय कमावते!"

"मोजे विणत होते मी. डावा संपवला, उजव्याची टाच झाली, तरी कुणी आलं नाही. तू बघशील म्हणून लावला होता."

मग रुम्यानाला हसू फुटलं, मग फेनाला. दोघी इतक्या हसल्या की भिंत हलली. मला मात्र हसू आलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि तोच सव्वा लाख वुब्बे त्यांच्याकडून मागत होता! त्या एकमेकींना खोटी श्रीमंती दाखवत होत्या आणि त्या खोट्यावर त्यांचं भाडं वाढत होतं, घराचा भाव वाढत होता. कुणाच्या लाजेनं कुणाचं घर भरत होतं, ते बघा.

"उद्यापासून उघडा," फेना डोळे पुसत म्हणाली. "तुझा, माझा, सगळ्यांचा. कुणी असेल तेव्हाच बंद. बघू दे वुब्बेला त्याची खाण."

गल्लीतल्या इतर बायकांना हे पटवायला फेनाला दारोदार फिरावं लागलं. एकीनं तर तिला तोंडावर सुनावलं, "रिकामी बसलेली दिसले तर माझी इज्जत काय राहील?" फेना म्हणाली, "इज्जतीचं भाडं भरतेस ना रोज? मग थोडं कमी भर." शेवटी त्या तयार झाल्या, कारण सगळ्यांच्याच खोलीत टरफलांचा ढीग होता.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले. मी दिवसभर बाजूला सरकून उभा असे आणि गल्लीत दुतर्फा बायका पडदे उघडे ठेवून बसलेल्या असत. कुणी विणतंय, कुणी सफरचंद कापतंय, कुणी काचेतूनच समोरचीशी खाणाखुणा करतंय. ज्या एकमेकींचं तोंड बघायचं नाही म्हणत होत्या त्या आता एकमेकींना मोजे देऊ लागल्या. वुब्बे रोज जाई, रोज बघे आणि रोज त्याचा चेहरा आणखी पडे. शेवटी तो आला आणि आकडा खाली आणला. चांगलाच खाली.

रुम्यानानं भाडं थकवून आईच्या घरासाठी थोडंफार राखलेलं पुढं केलं. "काको, हे घाला," ती म्हणाली. त्यांच्याकडं थोरल्या बहिणीला काको म्हणतात, आणि ती फेनाला तसं पहिल्यांदाच म्हणाली. आता दोघींची शिलक होती, भाव आवाक्यात होता, आणि उरलेल्यासाठी बँकेचं कर्ज हवं होतं.

बँकेत मी गेलो नाही, पण फेनानं परत येऊन, कोट न काढताच, सगळा प्रसंग करून दाखवला. हिरवे मोजे घातलेला एक तरुण अधिकारी होता. त्यानं कॉफी दिली, कॉफीबरोबर एक बिस्कीट दिलं.

"म्हणाला, मॅडम, तुमचे हिशेब इतके चोख आहेत की मला कौतुक वाटतं. मी म्हटलं, मग कर्ज द्या. तर म्हणतो, प्रश्न पैशाचा नाही. बँकेत बसून म्हणतो, प्रश्न पैशाचा नाही!"

"मग कशाचा?" रुम्यानानं विचारलं.

"धोरणाचा. ह्या धंद्याला कर्ज द्यायचं नाही, असं त्यांचं धोरण. मी म्हटलं, अरे बाळा, माझे पैसे तुझ्याकडं इतकी वर्षं आहेत, ते ठेवून घेताना धोरण कुठं गेलं होतं? तर लाल झाला. मग म्हणतो, सफाई कामाचा एक सरकारी अभ्यासक्रम आहे, तुम्हाला उपयोगी पडेल. आणि बशी पुढं सरकवली. म्हणाला, आणखी एक बिस्कीट घ्या ना."

"घेतलंत?"

"घेतलं," फेना म्हणाली आणि खिशातून चुरा झालेलं बिस्कीट काढून तिनं खिडकीत ठेवलं. "पुरावा आहे हा."

राहता राहिली साबिन. तिची स्वतःची कंपनी होती आणि तिला बँकेनं हसत कर्ज दिलं होतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. फेनानं निरोप पाठवला. साबिन आली, आत शिरली, बसली नाही. तिचं पहिलं वाक्य माझ्याविषयी होतं.

"पडदा लावतेस का जरा? रस्त्यावरून दिसतं."

"आम्ही उघडाच ठेवतो हल्ली," फेना म्हणाली. "बोल. घर तुझ्या कंपनीच्या नावावर घेऊ. पैसे आम्ही फेडू. तुझा एक सेंट जाणार नाही."

साबिननं मान हलवली. "फेना, मी तुमच्या बाजूनंच बोलते नेहमी, तुला ठाऊक आहे. पण माझ्या कंपनीच्या कागदांवर 'सल्लागार' लिहिलंय. बँकेला तेवढंच माहीत आहे."

"कसला सल्ला देतेस गं?"

रुम्यानानं तोंडावर हात धरला.

"तुमचं काम आणि माझं काम वेगळं आहे," साबिन चिडून म्हणाली. "माझ्याकडं येणाऱ्यांना संगत हवी असते. जेवण, नाटक, चार शहाण्या गप्पा."

"आणि गप्पा झाल्यावर? दोघं मिळून भांडी घासता?"

साबिनचा चेहरा टोपीखाली गोरामोरा झाला. ती हळू आवाजात म्हणाली, "ह्या गल्लीशी माझं नाव जोडलं गेलं तर माझंही खातं बंद करतील. तुला वाटतं, मला भीती नाही?" हे मात्र खरं होतं. ती खोटं बोलत नव्हती. पण मला तिची कीव आली नाही, अजून येत नाही. जाताना तिनं माझी कड जराशी ओढून गल्ली मोकळी आहे का ते पाहिलं. नाट्यगृहात नट पडद्याआडून प्रेक्षक किती आलेत ते असंच बघत. त्यांना प्रेक्षक हवे असत, हिला कुणी नको होतं.

नाताळ आला. नाताळानंतर घर विकलं गेलं. कुणाला? आयत्या बिळावर एक नागोबा आला. त्याला तिथं कॅफे काढायचं होतं. भाव कोणता? तोच, खाली आलेला. बायकांनी आपली लाज काचेत मांडून जो भाव खाली आणला होता, तो त्यानं एका सहीत उचलला. फेनाला आणि रुम्यानाला खिडक्या सोडाव्या लागल्या. मला आणि स्टुलाला त्यानं मागून घेतलं. 'जुन्या गल्लीचं वातावरण' पाहिजे होतं म्हणे त्याला, आणि वुब्बेनं फेनाला न विचारता आम्हाला सामानात देऊन टाकलं.

मित्रांनो, माझ्या कड्यांना त्यानं सोनेरी रंग दिला. मला एका बाजूला दोरीनं असं बांधलं की मला बंदच होता येईना. पाहुण्या बायका फेनाच्या स्टुलावर बसून, ओठांचा चंबू करून फोटो काढून घ्यायच्या, खिदळायच्या, आणि उतरल्यावर स्कर्टवरची धूळ झटकायच्या. इतका राग मला जुन्या बाजारातही आला नव्हता.

उद्घाटनाच्या दुपारी साबिनचं भाषण झालं. विषय होता 'आपला विसरलेला इतिहास'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अगदी शेजारी हिरव्या मोज्यांचा तो अधिकारी कॉफी घेऊन उभा होता. तेवढ्यात दार उघडलं आणि फेना आत आली, मागोमाग रुम्याना.

"मोई," फेना म्हणाली. आमच्या गावात येता-जाता सगळे एकमेकांना एवढंच म्हणतात. कुणी उत्तर दिलं नाही.

ती सरळ त्या तरुणापाशी गेली. "ह्याला कर्ज कुणी दिलं?"

तो गडबडला. "मॅडम, हा... हा उपाहारगृहाचा व्यवसाय आहे."

"खिडकी तीच. स्टूल तेच. पडदा तोच. दिवासुद्धा लालच ठेवलाय. फक्त बाई काढली की कर्ज मिळतं, असंच ना?"

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. मदतीला कुणी येईना, तेव्हा त्यानं टेबलावरची बशी उचलली. "तुम्ही... तुम्ही आधी एक कॉफी घ्या ना. बँकेतर्फे." बशीत बिस्कीट होतं.

फेना त्या बिस्किटाकडं बघत राहिली. मग ती स्टुलावर चढली, इतकी वर्षं बसली होती त्याच स्टुलावर, आणि तिनं माझी दोरी सोडली. एकेक कडी काढली. कॅफेवाला धावत आला. "अहो, हा करारात आहे! हा माझा आहे!"

"मी शिवलाय," फेना म्हणाली. "टाके ओळखून दाखव, ठेवते इथंच."

त्यानं साबिनकडं पाहिलं. साबिन हातातल्या भाषणाच्या कागदाकडं बघत होती. फेना खाली उतरली, मला खांद्यावर टाकलं, रुम्यानानं स्टूल काखेत मारलं आणि दोघी गल्लीतून चालत निघाल्या. दोन्ही बाजूंच्या बायका उघड्या पडद्यांतून बघत होत्या. एकीनं अंगठीनं काचेवर टकटक केली, मग दुसरीनं केली, आणि गल्ली संपेपर्यंत ती टकटक आमच्याबरोबर येत राहिली.

गोष्ट इथं गोड करून संपवावी, असं तुम्हाला वाटत असेल. पण तसं झालेलं नाही. फेनानं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला खिडकी घेतली आहे, पूर्वीपेक्षा महाग. तिचे गुडघे आता बोलत नाहीत, ओरडतात. लोकरीचं दुकान लोकरीच्या टोपलीतच राहिलं. रुम्याना त्याच खोलीत दुपारची पाळी घेते, भाडं दोघी वाटून घेतात. सकाळी फेना मला बाजूला सारते आणि स्टुलावर बसते. कधी कधी दुपारपर्यंत कुणी येत नाही. तरी मी उघडाच असतो.

आता शेवटचं. आम्हा जुन्या वस्तूंनी निरोप घेताना काळजी घ्यायला सांगायचं असतं. माझी काळजी घेऊ नका. मला झटकू नका, रफू करू नका, संग्रहालयात तर मुळीच नेऊ नका. रस्त्यानं जाताना काचेआड कुणी रिकामी बसलेली दिसली, तर मान खाली घालू नका आणि दातही काढू नका. नुसतं मोई म्हणा. ती उत्तर देईल. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी बँकेतल्या त्या टेबलामागं बसलाच, आणि समोर रुंद खांद्यांची, हातात विणकामाची पिशवी असलेली बाई आली, तर ते बिस्कीट तुमचं तुम्हीच खा. तिला घर पाहिजे आहे.